पोटाचं इंजेक्शन आणि दादाची वही

अतिदक्षता विभागाच्या दारासमोर सतरंजी टाकून बसलेल्या माणसांसाठी मी हे लिहितो आहे. आत पडलेल्याला हे वाचायचं नसतं, त्याला नुसतं जगायचं असतं, आणि तेही काम बरंचसं त्याच्या वतीनं दुसरेच करत असतात. बाहेरच्यांना मात्र हातात चिठ्ठी घेऊन धावावं लागतं आणि धावता धावता विचारही करावा लागतो. आमच्या घरी त्या विचारातच घोळ झाला.

आधी मी कोण ते सांगतो. मी कापसाचा ग्रेडर. घर यवतमाळला, नोकरी महागावच्या खरेदी केंद्रावर. गाडीतला कापूस मुठीत घ्यायचा, रंग पाहायचा, ओल पाहायची, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून धागा ओढायचा आणि दर्जा सांगायचा. किडक्या बोंडातून निघणाऱ्या पिवळट कापसाला आमच्याकडे कवडी म्हणतात. कवडी दिसली की मी गाडी परत करायचो, मग समोर कोणी का असेना. ही गोष्ट घडली ती वर्षं कापसाची वाईट होती. निम्मं अळीनं नेलेलं, उरलेल्याला भाव नाही, गाड्या चार-चार दिवस रांगेत, आणि त्या रांगेच्या टोकाला मी उभा. माझा स्वभाव मुळातच तिरसट. सुधा, म्हणजे माझी बायको, सांगते की लग्नात हातात दिलेल्या अक्षतासुद्धा मी आधी निवडून पाहिल्या होत्या.

दिवसभर भांडून संध्याकाळी डोकं ठणकायचं. मग डोकेदुखीची गोळी. ती पोटात जळायची, म्हणून वर गॅसची गोळी. गॅसच्या गोळ्यांची पट्टी आमच्या घरी मिठाच्या बरणीशेजारी असायची, कोणीही यावं आणि एक तोंडात टाकावी. तिला औषध असं कोणी म्हणतच नव्हतं. डोकेदुखीच्या गोळ्या मात्र माझ्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात असत. दहा वर्षं घेत होतो, कधी दोन, कधी चार, आणि ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

सोमवारी आलो तर

जानेवारीत ताप आला, खोकला आला. रुई नाकातोंडात जातेच, म्हणून मी लक्ष दिलं नाही. पाचव्या दिवशी वजनकाट्याजवळ उभा असताना श्वासच पुरेना. कापसाच्या ढिगावर बसलो तो उठलोच नाही. केंद्रावरच्या माणसांनी जीपमध्ये घालून यवतमाळला आणलं.

डॉक्टरीणबाई वयानं माझ्या पुतणीएवढ्या. त्यांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाल्या, "दोन्ही बाजूंना न्यूमोनिया आहे. श्वासाच्या यंत्रावर ठेवावं लागेल. आजच."

मी विचारलं, "सोमवारी आलो तर चालेल का? केंद्रावर गाड्या उभ्या आहेत."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, सोमवारपर्यंत तुम्ही राहणार नाही."

आयुष्यभर मी लोकांना तोंडावर निकाल सांगितला होता. तो ऐकताना कसं वाटतं ते त्या दिवशी कळलं. भीती वाटली, साधी, लहान मुलासारखी. सुधानं एवढंच विचारलं, "यायले दुखन का?" आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.

तेवढ्यात दादा आला. दादा माझा थोरला भाऊ, अकरा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, मला त्यानंच शिकवलं. सरकारी कचेरीत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाला, पण कचेरी त्याच्या अंगातून गेली नाही. घरात लग्नाची पत्रिका आली तरी कोपऱ्यात 'पाहिले' लिहून सही करायचा. त्यानं माझ्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाला, "वसंता, तू झोप. मी आहो ना."

मी झोपलो. किंवा झोपवलं गेलो, ते नक्की आठवत नाही.

आतलं

आतले दिवस मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. तोंडात एक नळी, नाकातून पोटात गेलेली दुसरी, हात मऊ पट्टीनं खाटेला बांधलेले. बोलता येत नव्हतं, आणि माझ्यासारख्याला हीच मोठी शिक्षा. तहान तर अशी की नळाचा आवाज आला तरी डोळ्यांत पाणी यायचं.

त्या तुकड्यांत एक चेहरा स्पष्ट आहे, मेश्राम सिस्टरांचा. पन्नाशीच्या, ठेंगण्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. मला काही ऐकू येतं की नाही याची खातरी नसतानाही त्या सगळं सांगून करायच्या. "भाऊ, आता खाट डोक्याकडून वर करते जी. आता पोटातलं पाणी पाह्यते. आता पोटाचं इंजेक्शन." ओठांवरून कापसाचा ओला बोळा फिरवायच्या. त्या अवस्थेतही माझ्या डोक्यात आलं की कापूस बरा आहे, धागा आखूड असला तरी स्वच्छ आहे.

दर चार तासांनी त्या नाकातल्या नळीला मोठी सिरिंज लावून पोटातलं थोडं पाणी ओढायच्या आणि सिरिंज खिडकीकडे धरून डोळे बारीक करून पाहायच्या. ती नजर मी ओळखली. ती माझीच नजर होती. बाई ग्रेडिंग करत होत्या. रंग पटला की मान हलवायच्या, आणि मला वाटायचं, पास झालो.

हे सगळं कशासाठी ते त्यांनी मला पुढे वॉर्डात आल्यावर सांगितलं. माणूस यंत्रावर पडला, अंगात ताकद उरली नाही, की पोटाकडे जाणारं रक्त कमी होतं आणि आतलं अस्तर कमजोर पडतं. आम्ल मात्र बनतच राहतं. मग जखमा होतात आणि त्यातून रक्त जाऊ लागतं. "अन्न भेटत नाही ना भाऊ, तं पोट सोताच सोताले खाते," त्या म्हणाल्या. ते होऊ नये म्हणून ते इंजेक्शन. पोट बिघडल्यावरचं नव्हे, बिघडू नये म्हणून आधीच दिलेलं.

हे दाराच्या आतल्या सगळ्यांना माहीत होतं. बाहेर कोणालाच नव्हतं.

उपाशी पोटाचा शेरा

बाहेर काय झालं ते मला फार उशिरा कळलं. इथे मात्र क्रमानंच सांगतो.

त्या दवाखान्यात रिवाज असा की आतून औषधांची चिठ्ठी यायची, नातेवाइकानं ती समोरच्या दुकानातून आणायची आणि पिशवी सिस्टरांच्या हाती द्यायची. दादानं पहिल्याच दिवशी शंभर पानी वही घेतली आणि पट्टीनं रकाने आखले: अनुक्रमांक, औषध, किती, कशासाठी, शेरा. प्रत्येक चिठ्ठी वहीत उतरवायची, दुकानदाराला विचारून 'कशासाठी' भरायचं आणि मगच पिशवी आत द्यायची. बाकीचे नातेवाईक कौतुकानं पाहायचे. एकदोघांनी आपल्याही चिठ्ठ्या त्याच्याकडून वाचून घेतल्या.

तिसऱ्या दिवशी चिठ्ठीत त्या पोटाच्या इंजेक्शनच्या लहान काचेच्या कुप्या होत्या. आधीच्या संपल्या होत्या. दादानं विचारलं, हे कशासाठी? दुकानदार घाईत होता. "गॅससाठी," म्हणाला.

दादा थांबला. माझं बीपी खाली असल्यामुळे नळीतून अन्न अजून सुरू केलेलं नव्हतं, आणि हे त्याला माहीत होतं. त्यानं 'कशासाठी'च्या रकान्यात लिहिलं 'गॅस'. आणि शेऱ्यात लिहिलं: 'रुग्ण तीन दिवसांपासून उपाशी. आवश्यकता नाही.' मग त्या ओळीवर पट्टीनं सरळ रेघ मारली आणि कुप्या न घेताच बाकीची पिशवी आत दिली. सतरंजीवर येऊन सुधाला म्हणाला, "उगाच टोचून राह्यले त्याले. उपाशी पोटाले गॅसचं इंजेक्शन कायले?"

सुधा सांगते, तिलाही ते पटलं. पटणारच. आमच्या घरी ती गोळी मिठाशेजारी होती. पैशाचा प्रश्न नव्हता, माझ्यासाठी दादानं राहतं घर विकलं असतं. पस्तीस वर्षं त्यानं लोकांच्या अर्जांतल्या अनावश्यक बाबी वगळल्या होत्या. भावाच्या अंगावरची एक सुई त्यानं मायेनं वगळली.

त्या संध्याकाळी माझ्या शेजारच्या खाटेवरच्या बाईची तब्येत एकदम बिघडली, सगळे तिकडे धावले. दुसऱ्या दिवशी मेश्राम सिस्टरांची सुट्टी. असा दीड दिवस त्या इंजेक्शनाशिवाय गेला.

कॉफीच्या रंगाचं पाणी

पाचव्या दिवशी सकाळी सिस्टर आल्या. "भाऊ, पोटातलं पाणी पाह्यते." सिरिंज ओढली, खिडकीकडे धरली. या वेळी मान हलली नाही.

मलाही दिसलं. पाणी काळपट तपकिरी, कॉफीची पूड कालवावी तसं. सिस्टर म्हणाल्या, "भाऊ, घाबरू नका हं." त्याआधी मी घाबरलो नव्हतो.

सिस्टरांची एक सवय होती. पाळीतल्या रिकाम्या कुप्या त्या लगेच फेकत नसत. एका ट्रेमध्ये ओळीनं मांडायच्या, कागदाशी ताडून पाहायच्या आणि मगच टाकायच्या. नव्या मुली त्यांना हसायच्या. त्या दिवशी त्यांनी आधी फोनवर डॉक्टरीणबाईंना बोलावलं, मग ट्रे पाहिला, मग माझ्या नावाचा औषधांचा कप्पा उघडला. आणि दारात येऊन विचारलं, "पोटाच्या इंजेक्शनच्या कुप्या कुठं हायेत जी?"

दादानं वही उघडून दाखवली. त्यानं काही लपवलं नाही, त्याला लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. सिस्टरांनी गळ्यातला चष्मा लावून शेरा वाचला. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बाबूजी, उपाशी आहे म्हणूनच तं देऊन राह्यलो होतो ना."

सुधा सांगते, दादा सतरंजीवर बसला नाही, कोसळला.

पुढचे दोन दिवस माझं काही खरं नव्हतं. नळीतून पोट धुतलं, औषध दुप्पट केलं, रक्त चढवलं. एक बाटली दिली ती रामधन राठोडांनी. शेजारच्या खाटेवरच्या बाईचे ते यजमान, महागावकडच्या एका तांड्यावरचे शेतकरी. त्यांची बायको तोवर सावरली होती. रक्त देऊन आल्यावर ते सुधाला म्हणाले, "बाई, साहेबाले मी ओळखतो. मागच्या साली माही गाडी वापस केलती त्यायनं. शुद्धीवर आले का सांगा, रक्तात तेवढी कवडी काढू नका म्हणा." सुधा पाच दिवसांत पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता रडली. राठोडभाऊ, तुमचं रक्त अव्वल दर्जाचं होतं. हे मी तुम्हाला तांड्यावर येऊन सांगितलं आहेच, इथे लेखी देतो.

दादानं डॉक्टरीणबाईंना गाठून विचारलं, "माझ्यामुळं झालं ना?" त्या प्रामाणिक होत्या. म्हणाल्या, "नक्की तसं मी म्हणणार नाही. इंजेक्शन देऊनही कधी कधी होतं. पण द्यायला हवं होतं. एक सांगा, ते दुखण्यावरच्या गोळ्या घ्यायचे का? त्यानंही पोट सोललेलं असतं."

"नाही," दादा म्हणाला. "माझा भाऊ साधी गोळी घेत नाही."

पहिला घोट

रक्त थांबलं. नवव्या दिवशी तोंडातली नळी काढली. नाकातल्या नळीतून पेज सुरू झाली होतीच, आता सिस्टरांनी चमच्यानं पाणी पाजलं. ते पाणी कसं लागलं ते सांगता येत नाही. त्यानंतर आजतागायत मी पाण्याला नावं ठेवलेली नाहीत.

वॉर्डात आलो, भिंत धरून चालायला लागलो. मेश्राम सिस्टर पाळी संपल्यावर मुद्दाम वर येऊन पाहून जायच्या. मी त्यांचे पाय धरायला वाकलो तर म्हणाल्या, "वाकू नका, पडसान. पुन्हा मलेच उचला लागन."

दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पोटाचं औषध आणखी किती आठवडे घ्यायचं ते लिहून दिलं आणि पुढे बंद करायचं म्हणून बजावलं. मिठाच्या बरणीशेजारच्या पट्टीचं सुधानं सांगितल्यावर, ती काढून टाका, म्हणाल्या. ते औषध ज्याला गरज आहे त्याला, गरज आहे तोवर. मग त्यांनी मला विचारलं, "दुखण्यावरच्या गोळ्या घेत होता का?"

मी म्हणालो, "कधीमधी."

जीव वाचवणाऱ्या बाईशी मी खोटं बोललो. लाज वाटली म्हणून बोललो. दादा दारात पिशव्या धरून उभा होता, खाली बघत.

दादा येईना

दादाचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. वीस वर्षं तो रोज सकाळी आमच्याकडे चहाला यायचा. मी घरी आल्यावर तो येईना. वहिनी यायची, डबा ठेवून जायची. विचारलं तर म्हणायची, "त्यायचे गुडघे दुखून राह्यले." पंधरा दिवस झाले, महिना झाला. मी चिडलो. बारा दिवस सतरंजीवर बसला आणि आता दोन गल्ल्या जड झाल्या?

शेवटी एका सकाळी सुधानं तुरीच्या शेंगा सोलता सोलता मला सगळं सांगितलं. चिठ्ठी, वही, शेरा, रेघ.

खरं सांगतो, मला राग आला. जो दादा मला बोट धरून शाळेत घेऊन गेला त्याचा राग आला. दोन दिवस मी मनात त्याची गाडी परत करत राहिलो. कोणी सांगितलं होतं डोकं चालवायला? विचारायचं होतं ना आत. सिस्टर दाराच्या पलीकडे होत्या, दहा पावलांवर.

तिसऱ्या दिवशी सुधानं माझी केंद्रावरची पिशवी धुवायला काढली. आतल्या कप्प्यातून पट्ट्या निघाल्या, काही रिकाम्या, काही अर्ध्या. तिनं त्या माझ्या ताटाशेजारी मांडल्या, सिस्टर कुप्या मांडायच्या तशाच ओळीनं. एकूण अकरा.

"दादायले हे माहीत नाही," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाईलेही तुम्ही सांगितलं नाही. तिकडं तो माणूस जेवत नाही धड. तुम्ही बोलता का मी बोलू?"

मी जेवण अर्धं टाकून उठलो, पट्ट्या खिशात घातल्या.

शेरा

दोन गल्ल्या चालायला मला तीनदा थांबावं लागलं. दादा ओसरीत खुर्चीवर होता. मला पाहून उठला, पुन्हा बसला. केवढा वाळला होता. आजारी मी होतो आणि म्हातारा तो झाला होता.

"वही आण," मी म्हणालो.

त्यानं कशाला म्हणून विचारलं नाही. आतून वही आणली. तिसऱ्या दिवसाचं पान उघडं करायला शोधावं लागलं नाही, वही आपोआप तिथेच उघडत होती. ती ओळ, ती रेघ, तो शेरा. त्याखाली तांबड्या शाईत: 'वरील शेरा चुकीचा. रुग्णास धोका झाला. जबाबदारी माझी.' आणि सही.

"डॉक्टरीणबाईनं सांगितलं ना तुले, नक्की नाही म्हणून?" मी विचारलं.

"रेघ तं मीच मारली ना, वसंता."

मी त्याच्या खिशातला पेन काढून घेतला. अक्षर काही त्याच्यासारखं येणार नव्हतं. तांबड्या ओळीखाली नवी ओळ घेतली. औषध: डोकेदुखीच्या गोळ्या. किती: रोज दोन ते चार, दहा वर्षं. कशासाठी: कोणाला सांगितलं नाही. शेऱ्यात लिहिलं: 'पोट आधीच सोललेलं होतं. चूक रुग्णाची. भावानं वाचवलं.' आणि खिशातल्या अकरा पट्ट्या वहीवर ठेवल्या.

दादानं चष्मा लावला. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. पट्ट्या हातात घेऊन उलटसुलट करून पाहिल्या.  मला वाटलं आता रागावेल, आणि त्यानं रागवावं असंच मला वाटत होतं. वहिनी आतून दारात येऊन उभी राहिली होती.

मग तो म्हणाला, "डॉक्टरीणबाईले सांगितलं?"

"उद्या जातो सांगायला. तू चाल संगं."

त्यानं मान हलवली. वही माझ्याकडे सरकवली, आणि त्या नव्या ओळीच्या शेवटी बोट टेकवलं.

"तारीख नाही टाकली तू," म्हणाला. "तारीख टाक. आन् मंग चहा घेऊ."

मी तारीख टाकली.